चेंगडूचे मासिक, फुलसावंगीचा वाचक

२०२१ साली मराठी मुलखात चार महिन्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत चोवीस वर्षांचा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. पाते तुटले, डोक्यात बसले आणि तो गेला. आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याची कपाटे आणि कूलर बनवून पोट भरणारा कारागीर. मारुती ८०० चे इंजिन, वेल्डिंगने जोडलेला सांगाडा आणि मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ एवढ्या भांडवलावर सुमारे दोन वर्षे खपून त्याने ते यंत्र उभे केले होते. स्वातंत्र्यदिनी ते गावाला दाखवायचे, असा त्याचा बेत असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. पुढे डिसेंबरात नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ या पदावर पहिल्यांदाच निवडला गेला होता. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आले नाही. मराठी विज्ञानकथेला सर्वांत मोठा मान मिळाला ते हे वर्ष, आणि तिच्या हाकेला सर्वांत आधी ओ देईल असा माणूस कुठल्या गावात, कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला असतो हे दिसले तेही हेच वर्ष. फुलसावंगीच्या त्या तरुणाने काय वाचले होते आणि काय नव्हते, याबद्दल अंदाज बांधण्याचा अधिकार कुणाला नाही. प्रश्न त्याच्या वाचनाचा नाही. अशा गावापर्यंत मराठी विज्ञानकथा पोचावी यासाठी कोणती वाट होती, हा आहे.

हा प्रश्न मी एका दूरच्या साहित्याच्या इतिहासाशी जोडणार आहे. गेल्या दीड दशकात चिनी विज्ञानकथा इंग्रजी भाषांतरातून जगभर वाचल्या गेल्या. या यशाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा भाषांतरकाराचे कौशल्य, चीनची सत्ता आणि पैसा, जगाचे चीनविषयीचे कुतूहल अशी कारणे पुढे येतात. ती सगळी थोडीफार खरी आहेत. पण तारखा ओळीने मांडल्या की वेगळेच चित्र दिसते. चिनी विज्ञानकथा इंग्रजीत गेली ती आधी चीनमधल्या लहान शहरांत, वसतिगृहांत आणि वीजकेंद्रांच्या वसाहतींत पोचली म्हणून. भाषांतर ही त्या प्रवासातली शेवटची पायरी होती. मराठीने ती शेवटची पायरी चिनी लेखकांच्या जवळपास त्याच सुमारास चढून पाहिली होती. अलीकडच्या पायऱ्या मात्र बांधायच्या राहिल्या.

दोन्ही साहित्यांचा आरंभ इतका सारखा आहे की तो नीट पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत, कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये सुरू केलेल्या ‘केरळ कोकीळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागले. त्याच सुमारास, १९०३ मध्ये, जपानात शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने व्हर्नचीच चंद्रावर जाण्याची कादंबरी चिनीत आणली. तो विद्यार्थी म्हणजे पुढे आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरलेला लू शून. त्याच्यासमोर फ्रेंच मूळ नव्हते. जपानी भाषांतर होते. त्याने कादंबरी जवळपास निम्म्या प्रकरणांत आवळली आणि लेखक अमेरिकन असल्याचे छापले. या चुकांपेक्षा त्याची प्रस्तावना महत्त्वाची. शास्त्र कोरडेपणाने मांडले तर सामान्य माणूस पेंगतो, तेच कथेच्या अंगाने आले तर नकळत त्याच्या मनात उतरते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडेही विज्ञानकथेकडून हीच अपेक्षा होती. परकी सत्ता डोक्यावर, शास्त्रात मागे पडल्याची सल मनात, आणि हाताशी एक फ्रेंच कादंबरीकार. पुणे-मुंबई आणि शांघाय-टोकियो इथले सुशिक्षित तेव्हा एकाच विचारात होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे मराठीत स्वतंत्र कथा आली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतल्या आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांतली एक मानली जाते. त्यानंतर बराच काळ या प्रकाराला सलग परंपरा लाभली नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मराठी मुलांच्या घरात आणले, अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताची गोडी असलेला वाचक सांभाळला, नारायण धारपांनी भयकथेबरोबर विज्ञानकथाही लिहिली. खरी कलाटणी मिळाली ती एका संस्थेमुळे. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढाच हेतू. मग मुकुंदराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’मध्ये त्यांना लिहिते ठेवले आणि १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे, शुभदा गोगटे ही सगळी मंडळी पुढच्या दोन दशकांत जोमाने लिहीत होती. तेवढा भरीव काळ मराठी विज्ञानकथेला पुन्हा आलेला नाही, असे माझे मत आहे.

चीनमध्ये याच दशकांत काय चालले होते? १९४९ नंतर तिथे विज्ञानकथा म्हणजे मुलांसाठी विज्ञानप्रसार, असे ठरूनच गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत तेही बंद पडले. १९७८ मध्ये दार उघडले. ये योंगलिए यांचे भविष्यातल्या शहराची सफर घडवणारे मुलांचे पुस्तक प्रचंड खपले. ते लिहून झाले होते १९६१ मध्ये. सतरा वर्षे हस्तलिखित पडून होते. त्याच वर्षी थोंग अनचंग यांची प्रवाळबेटावरच्या मृत्युकिरणाची कथा देशातल्या पहिल्या प्रतीच्या साहित्यिक मासिकात छापली गेली. १९७९ मध्ये सिच्वान प्रांतातल्या चेंगडू शहरात तिथल्या विज्ञान संघटनेने ‘विज्ञान-साहित्य’ अशा अर्थाच्या नावाचे मासिक सुरू केले. पण १९८३ मध्ये सरकारने ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्ध मोहीम काढली आणि विज्ञानकथेला त्यात ओढले. या कथा विज्ञानाचा विपर्यास करतात, लोकांची मने बिघडवतात, असा ठपका आला. या प्रकाराला वाहिलेली मासिके एकामागून एक बंद पडली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही भाषांची स्थिती तुलनेला ठेवली, तर मराठी विज्ञानकथा चिनी विज्ञानकथेपेक्षा सुस्थितीत होती. तिच्यावर बंदी नव्हती, तिला स्पर्धा होती, संस्था होती, प्रतिष्ठित लेखक होते.

आता या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा. १९८९ मध्ये अमेरिकेत चिनी विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह निघाला. वू तिंगबो आणि पॅट्रिक मर्फी हे त्याचे संपादक, आठ कथा, प्रस्तावना फ्रेडरिक पोल या नामांकित अमेरिकन विज्ञानकथाकाराची. चारच वर्षांनी, १९९३ मध्ये, दिल्लीच्या नॅशनल बुक ट्रस्टने बाळ फोंडके यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांतल्या १९ विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हे त्याचे नाव. तमिळचे सुजाता, कन्नडचे राजशेखर भूसनूरमठ, हिंदीचे देवेंद्र मेवाडी त्यात होते, आणि मराठीचा वाटा ठसठशीत होता. नारळीकरांची येऊ घातलेल्या हिमयुगाची कथा, लोंढ्यांची दुसऱ्या आइन्स्टाइनची कथा, जावडेकर, गोगटे, घाटे, मांडे आणि स्वतः फोंडके, सगळे त्या एका पुस्तकात इंग्रजीत गेले. दोन्ही संग्रहांचे पुढे काय झाले? अभ्यासकांनी त्यांची नोंद घेतली, ग्रंथालयांनी ते ठेवले आणि सर्वसाधारण इंग्रजी वाचकाला त्यांचा पत्ताही लागला नाही. म्हणजे भाषांतर होते, संपादक जाणते होते, कथा निवडक होत्या. तरीही चिनी पुस्तक आणि भारतीय पुस्तक सारखेच विस्मृतीत गेले. केवळ भाषांतराने साहित्य जगात जात असते, तर १९९० च्या दशकातच दोघांचाही मार्ग मोकळा झाला असता. वीस वर्षांनी चिनी कथांना जे साधले त्याचे कारण शोधायचे तर या दोन संग्रहांनंतरच्या वर्षांत शोधावे लागते.

ते कारण चेंगडूत सापडते. १९८३ च्या मोहिमेच्या तडाख्यातून वाचलेल्या तिथल्या एकमेव मासिकाला १९८४ मध्ये सांगण्यात आले की यापुढे आपला खर्च आपण भागवा. यांग शियाओ या तरुण संपादिकेला सहकाऱ्यांनी प्रमुख म्हणून निवडले. मासिक चालवण्यासाठी या मंडळींनी मुलांची पुस्तके काढून विकली आणि त्या पैशांवर अंक काढला. १९८६ मध्ये चिनी विज्ञानकथांसाठी आकाशगंगेच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. १९९० मध्ये जागतिक विज्ञानकथाकारांची पुढची बैठक चेंगडूला घ्यावी, हे पटवून देण्यासाठी यांग आणि त्यांचे सहकारी नेदरलँड्समधल्या हेग शहरी गेले; विमानाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता म्हणून आठ दिवसांचा रेल्वेप्रवास करून. १९९१ मध्ये ती बैठक चेंगडूला झाली आणि त्याच वर्षी मासिकाने ‘विज्ञानकथेचे जग’ या अर्थाचे नवे नाव घेतले. संपादकांनी वाचक म्हणून शाळा-महाविद्यालयातली मुले नजरेसमोर ठेवली, त्यांच्या पत्रांना जागा दिली, त्यांच्या पहिल्यावहिल्या कथा छापल्या. १९९९ च्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत निबंधाचा विषय आला, ‘स्मृतीचे रोपण करता आले तर’. योगायोग असा की मासिकाच्या ताज्या अंकात याच विषयावर मजकूर होता. दुसऱ्या दिवसापासून पालक ते मासिक विकत घेऊ लागले. शतक संपता संपता खप चार लाखांच्या जवळपास गेला. चीनच्या लोकसंख्येत हा आकडा लहान वाटेल, पण विज्ञानकथा आणि केवळ विज्ञानकथा छापणाऱ्या मासिकासाठी जगात कुठेही तो प्रचंडच होता.

खपापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते मासिक कुठे पोचत होते. शान्शी प्रांतातल्या न्यांगत्सक्वान या आडगावी वीजकेंद्रात संगणकाचे काम पाहणारा एक अभियंता १९९९ पासून त्यात लिहू लागला. लिऊ त्सशीन त्याचे नाव. राजधानीतल्या साहित्यिक वर्तुळात त्याची ऊठबस नव्हती. लेखन नोकरी सांभाळून, आणि ते पाठवायला ठिकाण एकच. याच मासिकात २००१ मध्ये त्याची गावातल्या शिक्षकाची कथा आली. डोंगराळ, दरिद्री खेड्यात कर्करोगाने मरणपंथाला लागलेला एक शिक्षक शेवटच्या धड्यात मुलांकडून न्यूटनचे गतीचे तीन नियम पाठ करून घेतो. मुलांना त्यांचा अर्थ कळत नाही. त्याच वेळी आकाशगंगेतली एक प्रगत संस्कृती तारे नष्ट करत चाललेली असते आणि पृथ्वीवर बुद्धी आहे की नाही हे तपासण्यासाठी ती नेमकी हीच मुले उचलते. मुले नियम घडाघडा म्हणतात आणि पृथ्वी वाचते. एका पिढीचे ज्ञान पुढच्या पिढीत जन्मतः उतरत नाही, ते ‘शिक्षक’ नावाची माणसे हाताने पोचवतात, हे कळल्यावर परग्रहवासी थक्क होतात. पुढच्या वर्षी आलेल्या ‘चीनचा सूर्य’ या कथेचा नायक तर दुष्काळी खेड्यातून निघालेला मजूर. तो शहरात बूटपॉलिश करतो, मग उंच इमारतींच्या काचा पुसतो, आणि काचा पुसण्याच्या त्याच कौशल्यावर अवकाशातल्या अवाढव्य आरशाची सफाई करायला जातो. पुढे तो ताऱ्यांकडे निघालेल्या यानात बसतो. हातात कसब आहे, पदवी नाही आणि डोळे आभाळाकडे आहेत, असा हा माणूस. फुलसावंगीची बातमी वाचलेल्या कुणालाही ही कथा वाचताना क्षणभर थांबावे लागेल.

मराठी विज्ञानकथेत असा नायक क्वचितच भेटतो. आपला नायक बहुतेक वेळा प्राध्यापक, डॉक्टर किंवा संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ असतो. घटना पुण्या-मुंबईत किंवा परदेशी परिषदेत घडतात. लेखकांनी आपल्या ओळखीचे जग रंगवले, यात त्यांचा दोष नाही. पण दर महिन्याला तालुक्यातालुक्यांतून पत्रे येत असती, तिथून कथा येत असत्या, तर संपादकाला आणि मग लेखकाला आपले जग रुंदावावेच लागले असते. ते झाले नाही, कारण मराठी विज्ञानकथेचे खरे घर दिवाळी अंक हे होते आणि आजही आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा मराठीचे भूषण आहे, आणि ‘धनंजय’सारख्या अंकांनी विज्ञानकथेला वर्षानुवर्षे आसरा दिला आहे. तरी या घराचे दार वर्षातून एकदाच उघडते. दिवाळी अंक महाग असतो, शहरी स्टॉलवर आणि फिरत्या वाचनालयांत फिरतो, आणि त्यात विज्ञानकथा ही फराळाच्या ताटातल्या एका पदार्थासारखी असते. वाचक दोन-चार कथा वाचतो आणि पुढच्या कार्तिकापर्यंत विसरतो. अशा ठिकाणी कसदार कथा जन्माला येऊ शकते. वाचकांचा संघ मात्र तिथे घडत नाही, आणि वाचकातून लेखक घडण्याची साखळी तर नाहीच.

चीनमध्ये ती साखळी घडली. छन चिउफान, शिया च्या, हाव चिंगफांग, पाव शू हे नंतरच्या पिढीचे लेखक बहुतेक ऐंशीच्या दशकात जन्मले आणि नव्वदच्या दशकात वाढले, म्हणजे मासिकाच्या भरभराटीच्या काळात वाचते झाले. भाषांतरकार आला तो एवढे सगळे जमून गेल्यावर. छन चिउफान यांनी आपल्या एका कथेचे इंग्रजी भाषांतर करून घेतले होते आणि ते कसे वाटते म्हणून अमेरिकेतले चिनी वंशाचे लेखक केन लिऊ यांना दाखवले. केन लिऊ तेव्हा कायद्याच्या क्षेत्रात काम करत होते, त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि स्वतः इंग्रजीत कथा लिहीत. दुरुस्त्या सुचवण्यापेक्षा नव्याने भाषांतर करणे बरे, असे त्यांना वाटले. ती कथा, ‘लिच्यांगचे मासे’, २०११ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या इंटरनेटवरच्या अमेरिकन मासिकात आली आणि तिला भाषांतरित विज्ञानकथेचा पुरस्कार मिळाला. मग शिया च्या यांची भुताखेतांच्या बाजारावरची कथा आली, मग एकेक करत बाकीच्या. २०१४ मध्ये लिऊ त्सशीन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ इंग्रजीत आली. मूळ कादंबरी २००६ मध्ये चेंगडूच्याच मासिकातून क्रमशः छापली गेली होती. २०१५ मध्ये तिला विज्ञानकथेचा मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी हाव चिंगफांग यांच्या ‘घडीचे बीजिंग’ला दीर्घकथेचा ह्युगो मिळाला. एकच शहर तीन वर्गांसाठी आळीपाळीने उलगडते आणि दुमडते अशी ती कथा, आणि तिचा नायक कचरा वेगळा करणारा कामगार. २०१६ मध्ये केन लिऊ यांनी सात लेखकांच्या तेरा कथांचा संग्रह काढला, २०१९ मध्ये चौदा लेखकांच्या सोळा कथांचा. या संग्रहांना १९८९ च्या संग्रहाची गत आली नाही. कारण कथा आधी एकेक करून मासिकांत वाचल्या गेल्या होत्या, आणि पुस्तकामागे जिवंत, लिहिती पिढी उभी होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे चीनच्या सरकारी बळाचे फळ. आज सरकार विज्ञानकथेला उचलून धरते, हे खरे. २०२३ मध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलन चेंगडूला भरले आणि त्यासाठी भव्य विज्ञानकथा संग्रहालय उभे राहिले. पण क्रम पाहा. १९८३ मध्ये हेच सरकार या कथांच्या मुळावर उठले होते; १९८४ मध्ये मासिकाला वाऱ्यावर सोडले होते; भाषांतराची सुरुवात अमेरिकेतल्या एका लेखकाच्या ओढीतून आणि मैत्रीतून झाली. सरकारी कौतुक मुख्यतः ह्युगोनंतर वाढले. त्या कौतुकाची किंमतही दिसली. चेंगडूच्या संमेलनात दिल्या गेलेल्या ह्युगो पुरस्कारांच्या नामांकनांतून काही लेखकांना कारण न देता वगळल्याचे नंतर उघड झाले आणि पुरस्काराच्या विश्वासार्हतेलाच धक्का बसला. सरकारी छत्र म्हणजे यशाचे रहस्य, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. मराठी विज्ञानकथा मुळातच शिकवणी घेतल्यासारखी. आधी माहिती, मग कथा. अशा लेखनाला परकी वाचक का मिळावा? यातला काही भाग मला मान्य आहे. पण चिनी विज्ञानकथाही विज्ञानप्रसाराच्या दावणीलाच बांधलेली होती, आणि शिक्षकाची ती कथा तर उघडउघड न्यूटन शिकवते. तरी ती हलवून सोडते, कारण शिकणारे आणि शिकवणारे तिचे विषयच आहेत. शिकवण्याचा सूर लेखकाच्या स्वभावातून जितका येतो तितकाच समोर कोणता वाचक आहे या समजुतीतूनही येतो. वाचक म्हणजे ज्याला माहिती द्यायची तो विद्यार्थी, एवढीच कल्पना असेल तर कथा धडा होते. वाचक महिन्यामहिन्याला वाद घालायला लागला, चुका दाखवायला लागला, स्वतः लिहायला लागला की लेखकाला दर्जा वाढवावा लागतो. चेंगडूत हे झाले. मराठीतही विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने थोड्या प्रमाणात हेच केले होते. ‘कृष्णविवर’ त्या स्पर्धेतूनच आली. स्पर्धा वर्षातून एकदा होते, एवढाच तिचा तोटा.

तिसरा आक्षेप असा की भारतात इंग्रजीतच लिहिणारे विज्ञानकथाकार आहेत, मग मराठीतून इंग्रजीत नेण्याची गरज कुणाला? या आक्षेपाचे वजन मोठे आहे. चीनमधल्या कथेकडे जायला इंग्रजी वाचकाला भाषांतरावाचून वाट नाही; भारताकडे जायला आहे. आपल्याकडच्या सर्वांत यशस्वी उदाहरणातही हेच दिसते. पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर काय, या कल्पनेवरची नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ इंग्रजी रूपात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ती वाचली. इंग्रजीत इतकी वाचली गेलेली दुसरी मराठी विज्ञानकथा मला माहीत नाही. पण ते जमले कारण नारळीकर दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहीत. लेखक आणि पूल एकच होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले आणि तो पूलही गेला. बाकीच्या मराठी लेखकांसाठी नियमाने भाषांतर करणारा, त्यासाठी मानधन देणारा, इंग्रजी मासिकांच्या संपादकांशी ओळख ठेवणारा माणूस किंवा संस्था मागे उभी राहिली नाही. शिवाय इंग्रजीत लिहिणारा भारतीय लेखक कितीही समर्थ असला तरी महागाव-पुसदच्या पट्ट्यातली वऱ्हाडी, तांड्यावरची गोरमाटी, कापसाचे भाव आणि लोड शेडिंग यांच्या मधोमध यंत्र जुळवत बसलेला माणूस त्याच्या लेखनात आपोआप येणार नाही. चिनी कथांकडून जगाला मिळाले ते नेमके असेच काही: कचरा वेचणारा, काच पुसणारा, खेड्यातला मास्तर.

आणि जगाच्या आधी आपले काय? चिनी विज्ञानकथा मराठी माणूस आज वाचतो ती बहुधा इंग्रजीतून, म्हणजे ज्याला इंग्रजी कथा सहज वाचता येते तोच. व्हर्न मराठीत आला तेव्हा त्याला एक शतकभर भाषांतरकार मिळत राहिले, भा. रा. भागवतांनी त्यासाठी आयुष्याचा मोठा भाग दिला. हे काम पुन्हा सुरू करता येईल, आणि त्याला फार मोठा खर्चही नाही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. संपादकांनी पुढच्या अंकाच्या यादीत दोन पाने अशी धरावीत: एका पानावर रीतसर परवानगी घेऊन, भाषांतरकाराला मानधन देऊन मराठीत आणलेली चिनी कथा, आणि दुसऱ्यावर तालुक्याच्या गावातून आलेली, लेखकाचे नाव कुणी न ऐकलेली नवी मराठी विज्ञानकथा. मराठी विज्ञान परिषदेने आपल्या स्पर्धेचे पत्रक जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आयटीआयमध्ये लावावे. सुरुवात महागाव तालुक्यापासून करावी, आणि पहिली भाषांतरित कथा गावातल्या त्या शिक्षकाची निवडावी.